कॅलिफोर्नियातल्या आपल्या शहरात स्वतःचा कायदा मतपत्रिकेवर आणायचाय? सिटी क्लर्कच्या खिडकीपासून घरापुढच्या पाटीपर्यंत

महाराष्ट्रात गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज जातो, मग मतदान होतं आणि 'आडवी बाटली' जिंकली की दुकानाला कुलूप, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय नाहीतर ऐकलंय तरी. कॅलिफोर्नियात हीच सोय जवळजवळ कुठल्याही स्थानिक कायद्यासाठी आहे. १९११ साली गव्हर्नर हायरम जॉन्सनच्या काळात ती राज्यघटनेत आली, आणि आज कुपर्टिनो, फ्रीमाँट, मिल्पिटास अशा शहरात राहणारा कुणीही मतदार पुरेशा सह्या आणल्या तर कौन्सिलला, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभेला, विचारल्याशिवाय ऑर्डिनन्स, म्हणजे शहराचा कायदा, मतपत्रिकेवर नेऊ शकतो. याला इनिशिएटिव्ह म्हणतात.

ऐकायला झकास, पण माझं निरीक्षण असं की बहुतेक शहरी इनिशिएटिव्ह मतदानात पडण्याआधी कागदावरच पडतात, कुठे मजकूर अर्धा, कुठे तारीख चुकली, कुठे सही वैध पण पत्ता दुसऱ्याच्या हातचा. म्हणून खाली मुद्दाम कंटाळवाण्या गोष्टींवर जास्त लिहिलंय, भाषणं आणि घोषणा तुम्हाला येतातच.

सगळ्यात आधी एक बघा, तुमचं शहर जनरल लॉ सिटी आहे की चार्टर सिटी. कुपर्टिनो, फ्रीमाँट, मिल्पिटास ही जनरल लॉ, म्हणजे राज्याचा इलेक्शन्स कोड जसाच्या तसा लागू. सॅन होजे, सनीवेल, माउंटन व्ह्यू ही चार्टर सिटी, त्यांना स्वतःचे वेगळे नियम करता येतात, तिथे चार्टर, म्हणजे शहराची स्वतःची घटना, उघडून इनिशिएटिव्हचं कलम वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. आणि चार्टरच बदलायचा असेल तर सह्यांचा आकडाच वेगळा, नोंदणीकृत मतदारांच्या १५ टक्के. मी पुढे लिहितोय ते जनरल लॉ सिटीबद्दल, साध्या ऑर्डिनन्सबद्दल.

कोण काय करू शकतं

आपल्या लोकांत व्हिसाची भानगड असते म्हणून हे आधीच. प्रपोनंट, म्हणजे ज्याच्या नावावर अर्ज जातो तो, त्या शहरातला मतदार होण्यास पात्र माणूस लागतो, म्हणजे अमेरिकन नागरिक, १८ पूर्ण. संस्था प्रपोनंट होऊ शकत नाही, यावर चुला व्हिस्टाच्या केसमध्ये नाइन्थ सर्किट या संघीय अपील कोर्टाचा २०१५ चा निकाल आहे. पिटिशनवर, म्हणजे सह्यांच्या अर्जावर, सही फक्त त्या शहरात नोंदणी असलेल्या मतदाराची. सह्या गोळा करणारा मात्र १८ वर्षांचा असला की झालं, तो त्या शहरात राहणारा किंवा मतदार असायची अट नाही. पैशाच्या बाबतीत ग्रीनकार्डवाल्याला वर्गणी देता येते, एच-वन-बी वाल्याकडून घेण्याआधी मात्र वकिलाला विचारा. म्हणजे उत्साहाने शंभर डॉलर काढून देणाऱ्या मित्राला आधी स्टेटस विचारायचं, ऑकवर्ड वाटलं तरी.

मजकूर

इथे घाई करू नका. इनिशिएटिव्हने फक्त कायदा करता येतो, प्रशासकीय निर्णय फिरवता येत नाही. 'अमुक कंत्राटदाराला काढा' किंवा 'आमच्या कोपऱ्यावर स्टॉप साइन लावा' असल्या गोष्टी कोर्टात टिकणं अवघड. शहराचं धोरण, झोनिंग (कुठल्या जागेत काय बांधता येईल), उंचीच्या मर्यादा, भाड्याचे नियम हे चालतं. टॅक्सचा विषय असेल तर वकिलाशिवाय एक ओळही लिहू नका, तिथलं गणित निराळं आहे.

दुसरं म्हणजे पूर्ण मजकूर. पिटिशनच्या प्रत्येक सेक्शनवर, म्हणजे सह्यांसाठी फिरणाऱ्या प्रत्येक सुट्या प्रतीवर, प्रस्तावित कायद्याचा सगळा मजकूर पाहिजे, सारांश चालत नाही. हेवर्डमध्ये जनरल प्लॅनबद्दलच्या (शहराच्या विकास आराखड्याबद्दलच्या) एका इनिशिएटिव्हचं १९९८ साली नेमकं यावरूनच वाटोळं झालं, जनरल प्लॅनमधल्या ज्या तरतुदींवर तो उभा होता त्यांचा मजकूर पिटिशनमध्ये छापलाच नव्हता आणि कोर्टाने तो बाद केला. तेव्हा तुमचा ऑर्डिनन्स सध्याच्या म्युनिसिपल कोडमधलं कलम बदलत असेल तर जुनं काय, नवं काय, कुठलं गळतंय, सगळं छापा. दहा पानं झाली तरी छापा. सह्या घेताना जड जातं, लोक कंटाळून बघतात, पण दुसरा इलाज नाही.

वकील परवडत नाही असं बरेच जण म्हणतात. चारशे-पाचशे स्वयंसेवक तास फुकट जाण्यापेक्षा निवडणूक कायद्यातल्या वकिलाकडून एकदा वाचून घेणं स्वस्त पडतं, हे माझं स्पष्ट मत. सिटी क्लर्क चांगली माणसं असतात, फॉर्म देतील, तारखा सांगतील, पण तुमचा मजकूर बरोबर आहे का हे ते सांगणार नाहीत आणि त्यांनी सांगूही नये.

क्लर्ककडे काय न्यायचं

नोटीस ऑफ इंटेंट, तिच्यावर किमान एक आणि जास्तीत जास्त तीन प्रपोनंटच्या सह्या. सोबत कायद्याचा पूर्ण मजकूर. हवं असेल तर ५०० शब्दांपर्यंत 'हे का करतोय' याचं निवेदन. टायटल आणि समरी, म्हणजे अधिकृत शीर्षक आणि सारांश, तयार करून द्या अशी लेखी विनंती. आणि एक सही केलेलं कबुलीपत्र, की गोळा केलेल्या सह्या इनिशिएटिव्ह पात्र करण्याखेरीज इतर कशासाठी वापरणार नाही, तसं करणं गुन्हा आहे हे मला माहीत आहे. फी जास्तीत जास्त २०० डॉलर, आणि नोटीस दिल्यापासून वर्षाच्या आत पिटिशन पुरेशी ठरली तर ती परत मिळते.

मग सिटी अटर्नीकडे, म्हणजे शहराच्या वकिलाकडे, १५ दिवस. तो ५०० शब्दांच्या आत टायटल आणि समरी लिहितो, निःपक्षपाती असायला हवी असं कायदा म्हणतो. तुम्हाला ती आवडेलच असं नाही. कुपर्टिनोत २०१६ साली वॅल्को मॉलच्या जागेवरून जुंपली होती तेव्हा मतपत्रिकेवरच्या शब्दांवरून प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी नागरिकांचं मेजर सी आणि डेव्हलपरचं मेजर डी (मेजर म्हणजे मतदानाला आलेला प्रस्ताव), दोन्ही मतदारांनी पाडली. शब्द चुकीचे वाटले तर आव्हान देता येतं, पण तेवढ्यात दिवस जातात हे लक्षात ठेवा.

कारण १८० दिवसांचं घड्याळ टायटल-समरी हातात पडली त्या दिवसापासून सुरू होतं. पेपरात जाहिरात आल्यापासून नाही, पहिली सही झाल्यापासून नाही. आणि सह्या सुरू करायच्या आधी नोटीस आणि टायटल-समरी 'जनरल सर्क्युलेशन'चा दर्जा असलेल्या स्थानिक वर्तमानपत्रात एकदा छापून आणायची असते. ही वर्तमानपत्रं बहुतेक साप्ताहिक, त्यांची डेडलाइन हुकली की आठवडा गेला, म्हणून टायटल मिळायच्या आधीच पेपरला फोन करून दर आणि वार विचारून ठेवा. शहरात असा पेपरच नसेल तर काऊंटीतला पेपर आणि सार्वजनिक ठिकाणी लावणं याचे वेगळे नियम आहेत, क्लर्कला विचारा. छापून आल्यावर १० दिवसांत त्याचा पुरावा, म्हणजे पेपरवाल्यांचं शपथपत्र, क्लर्ककडे जमा करायचा. पेपरवाले थेट पाठवतात बऱ्याचदा, तरी फोन करून पोचलं का ते विचारायचंच.

सह्या: खरी मेहनत इथे

लागतात नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के, नोटीस छापली तेव्हा काऊंटीने राज्याला दिलेला जो ताजा नोंदणी-अहवाल असेल त्याप्रमाणे. समजा शहरात ३५,००० मतदार तर ३,५०० सह्या. मग ३,६०० वर थांबायचं? अजिबात नाही. निदान तीस-पस्तीस टक्के जास्त घ्या, म्हणजे ४,७०० च्या आसपास. कारण तपासणी अशी होते की ५०० पेक्षा जास्त सह्या असतील तर नमुना काढता येतो, ५०० किंवा ३ टक्के यातलं जे जास्त ते. नमुन्यावरून अंदाज ९५ टक्क्यांच्या खाली आला तर पिटिशन तिथेच संपली, ११० च्या वर गेला तर पास, मधे अडकलात तर एकेक सही तपासतात. आणि एकाच माणसाने दोनदा केलेली सही नमुन्यात सापडली तर पूर्ण गठ्ठ्यात तशा कितीतरी असणार असं धरून वजाबाकी होते, ती फार महागात पडते. म्हणून 'आधी केली आहे का?' हा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा, ओळखीच्यालाही.

सही करणाऱ्याने नाव, राहण्याचा पत्ता आणि सही स्वतःच्या हाताने लिहायची. आपल्या घरात काय होतं, आई-बाबा नागरिक झालेत, मतदार आहेत, पण मुलगा म्हणतो 'थांब मी पत्ता लिहितो, तू फक्त सही कर'. गेली ती सही. हात चालत नाही, लिहिता येत नाही अशांसाठी मदतनीसाची सोय कायद्यात आहे, नुसत्या घाईसाठी नाही. नवरा-बायको एकाच पत्त्यावर असले तर बायकोच्या ओळीत 'वरीलप्रमाणे' अशा खुणा नकोत. पत्ता मतदार नोंदणीतला पाहिजे, नुकतंच घर बदललं असेल तर आधी नोंदणी बदला.

सह्या घेणाऱ्याने प्रत्येक सेक्शनच्या शेवटी स्वतःच्या हस्ताक्षरात नाव, पत्ता आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत सह्या घेतल्या ते लिहून डिक्लरेशनवर सही करायची. सह्या त्याच्या डोळ्यांदेखत झालेल्या असायला हव्यात. म्हणजे क्लिपबोर्ड ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवून घरी जायचं नाही. हा भाग स्वयंसेवकांना एकदा बसवून नीट शिकवा, चहा पाजा, पण शिकवा. बाय द वे, चहा स्वयंसेवकांना. सहीच्या बदल्यात सही करणाऱ्याला पैसे किंवा मोलाची वस्तू देणं हा गुन्हा आहे, 'सही करा आणि समोसा घ्या' असला बोर्ड टेबलावर दिसला तर विरोधकांना आयतंच कोलीत.

कुठे उभं राहायचं? सार्वजनिक फुटपाथवर क्लिपबोर्ड घेऊन उभं राहायला सहसा कुणाची परवानगी नको, टेबल मांडायचं असेल तर शहराला विचारा. मॉलबद्दल कॅलिफोर्निया बाकीच्या देशापेक्षा उदार आहे, त्याचं कारण आपल्याच भागातलं कॅम्पबेलचं प्रूनयार्ड शॉपिंग सेंटर. तिथे शाळकरी मुलांना सह्या घेताना हटकलं, केस वाढत वाढत १९८० साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि मुलं जिंकली. तरी मॉल वेळ, जागा, पद्धत यांचे नियम घालू शकतो, आधी अर्ज भरायला लावू शकतो. आणि हा हक्क मॉलच्या मोकळ्या बसण्या-फिरण्याच्या जागेपुरता. सुट्या दुकानाच्या दारासमोरची जागा त्यात येत नाही असं राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये सांगितलंय. तेव्हा इंडियन ग्रोसरीच्या दारात उभं राहायचं तर मालकाला विचारा, बहुतेक हो म्हणतात.

मंदिर आणि मंडळांबद्दल थोडं. करमुक्त धर्मादाय संस्थेला उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद, पण बॅलट मेजर हा त्यांच्यासाठी लॉबिंगमध्ये मोडतो आणि मर्यादेत चालतो. तरीही गणपतीच्या मांडवात कार्यकारिणीला न विचारता क्लिपबोर्ड फिरवू नका, कायद्यापेक्षा तिथे माणसं दुखावतात.

काऊंटीकडून मतदारयादी राजकीय कामासाठी विकत मिळते. ती घ्या आणि दर रविवारी आलेल्या सह्या तिच्याशी ताडून बघा, बाद वाटणाऱ्या आपणच खोडा. वैध प्रमाण किती येतंय ते कळलं की किती जास्त घ्यायच्या हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

जमा करणं आणि उलटं कॅलेंडर

सगळे सेक्शन एकाच वेळी, ऑफिसच्या वेळेत, प्रपोनंटने किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाने जमा करायचे. 'उरलेले उद्या आणतो' चालत नाही, मागून आलेले बाद. सह्या कमी भरल्या तर नंतर भर घालता येत नाही, नवीन नोटीसपासून सगळं परत.

तपासणीला ३० दिवस, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळून, म्हणजे सरळ सहा आठवडे धरा. मग निकाल कौन्सिलपुढे जातो. कौन्सिलपुढे तीन वाटा: तुमचा ऑर्डिनन्स एकही शब्द न बदलता स्वतःच मंजूर करणं, मतदानाला पाठवणं, किंवा परिणामांचा अहवाल मागवणं, त्याला आणखी ३० दिवस. अहवाल आल्यावर १० दिवसांत मंजूर करा नाहीतर मतदान. मतदान पुढच्या नियमित शहर निवडणुकीत, जी आदेशानंतर किमान ८८ दिवसांनी असेल. पूर्वी १५ टक्के सह्या आणल्या की खास निवडणूक मागता यायची, ती वाट २०१७ च्या कायद्याने बंद झाली, आता खास निवडणूक लावायची की नाही हे कौन्सिलच्या हातात.

आता नोव्हेंबरच्या निवडणुकीपासून मागे मोजा. ८८ दिवस म्हणजे ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडायच्या आत आदेश पाहिजे. त्याआधी अहवालाचे ३० दिवस, त्याआधी तपासणीचे सहा आठवडे, उन्हाळ्यात कौन्सिलची सुट्टी असते ती वेगळी. म्हणजे सह्यांचा गठ्ठा एप्रिलमध्येच गेलेला बरा, आणि नोटीस आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात. जानेवारीत सुचलं आणि नोव्हेंबरात मतदान, हे जमतं पण घाम फुटतो.

मधल्या काळात पैसे. एका कॅलेंडर वर्षात २,००० डॉलर जमले की तुम्ही कमिटी झालात, १० दिवसांत फॉर्म ४१० (कमिटीची नोंदणी), पुढे ठरल्या वेळी फॉर्म ४६० (जमाखर्च). हे सगळं एफपीपीसी नावाच्या राज्य आयोगाच्या नियमात. हिशेब लिहिणारा माणूस पहिल्या दिवशीच नेमा, सगळ्यात उत्साही माणूस नको, सगळ्यात नीटनेटका हवा.

मतदान ठरलं की मतदारांना जाणाऱ्या पुस्तिकेसाठी आपल्या बाजूचा युक्तिवाद ३०० शब्दांत आणि प्रतिवाद २५० शब्दांत द्यायचा असतो, तारखा क्लर्क जाहीर करतो आणि त्या दोन-चार आठवड्यांत येऊन जातात. बहुतेक मतदार फक्त तेवढंच वाचतात, म्हणून ते ३०० शब्द आधीच लिहून तयार ठेवा.

आता पाट्या

आपल्याकडे चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो तेव्हा १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा कुणाला आठवत नाही. इथे आठवतो, शहराचा माणूस येतो आणि पाटी उचलून नेतो. पाटीचा प्रत्येक वाद एका प्रश्नावर सुटतो: जागा कुणाची?

शहराची किंवा राज्याची असेल तर परवानगीशिवाय लावणं हा दंडसंहितेच्या ५५६ कलमाखाली गुन्हा. विजेचे खांब, ट्रॅफिकचे खांब, झाडं, रस्त्यातली मधली पट्टी सगळं यात आलं. शहर अशी सरसकट बंदी घालू शकतं हे सुप्रीम कोर्टाने लॉस एंजेलिसच्या १९८४ च्या केसमध्ये मान्य केलंय. फसवी जागा म्हणजे फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली गवताची पट्टी. पाणी तुम्ही घालता, गवत तुम्ही कापता, पण बहुतेक ठिकाणी ती राइट ऑफ वेमध्ये, म्हणजे रस्त्याच्या सार्वजनिक हद्दीत, येते. पाटी फुटपाथच्या घराकडच्या बाजूला रोवा, आणि कोपऱ्यावरचं घर असेल तर गाड्यांना दिसायला अडथळा होणार नाही इतकी बुटकी ठेवा, त्या कोपऱ्याच्या त्रिकोणासाठी शहरांचे उंचीचे नियम असतात.

स्वतःच्या घराच्या आवारात तुमची बाजू सगळ्यात भक्कम. १९९४ च्या लाड्यू शहराच्या केसमध्ये एका बाईंनी खिडकीत युद्धविरोधी छोटा कागद लावला होता, कोर्ट एकमताने त्यांच्या बाजूने. २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावाची केस आली. तिथे राजकीय पाटीला एक माप, वैचारिक पाटीला दुसरं, आणि चर्चची वाट दाखवणाऱ्या पाटीला सगळ्यात कडक नियम होते. कोर्टाने सांगितलं, पाटीवर काय लिहिलंय ते वाचून नियम बदलत असेल तर तो टिकणं फार कठीण. त्यानंतर बऱ्याच शहरांनी आपले साइन कोड नव्याने लिहिले. म्हणून वेबसाइटवरचं जुनं 'पॉलिटिकल साइन' माहितीपत्रक बघून गप्प बसू नका, सध्याचं म्युनिसिपल कोड उघडा आणि 'तात्पुरती अव्यावसायिक पाटी' असं काहीतरी शीर्षक शोधा. एकूण किती चौरस फूट, किती उंच, किती दिवस, एवढं टिपून घ्या. नियम विचित्र वाटला तर कोड एन्फोर्समेंटला ईमेल करून लेखी उत्तर घ्या, फोनवरचं उत्तर नंतर कुणाला आठवत नाही.

एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी? नागरी संहितेचं कलम ४७१० दाखवा. तुमच्या स्वतःच्या युनिटवर किंवा युनिटमध्ये अव्यावसायिक पाटीला ते सरसकट बंदी घालू शकत नाहीत, ९ चौरस फुटांपेक्षा मोठी पाटी आणि १५ पेक्षा मोठा झेंडा-बॅनर मात्र अडवू शकतात. सामायिक लॉन तुमचं नाही, तिथे नको. भाडेकरू असाल तर कलम १९४०.४, घरमालक ६ चौरस फुटांपर्यंतची राजकीय पाटी अडवू शकत नाही, आणि यात इनिशिएटिव्हचा स्पष्ट उल्लेख आहे. नेहमीची १८ बाय २४ इंची यार्ड साइन ३ चौरस फूट भरते, म्हणजे दोन्हीकडे आरामात बसते.

हायवेवरून दिसणारी पाटी असेल तर कॅलट्रान्स, म्हणजे राज्याचं रस्ते-वाहतूक खातं. खाजगी जागेतसुद्धा ३२ चौरस फुटांपर्यंतच, निवडणुकीआधी ९० दिवसांच्या आत लावायची, नंतर १० दिवसांत काढायची, आणि काढायची जबाबदारी कुणाची याचा स्टेटमेंट ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी फॉर्म आधी भरून पाठवायचा. लँडस्केप्ड (कडेला झाडं-हिरवळ लावलेल्या) फ्रीवेच्या हद्दीपासून ६६० फुटांत दिसेल अशी लावायचीच नाही. यात एक बारीक फरक लोकांच्या लक्षात येत नाही: ही सवलत ठरलेल्या निवडणुकीत मत मागणाऱ्या पाटीला आहे. तुम्ही अजून सह्याच गोळा करताय, मतदान ठरलेलंच नाही, तर 'पिटिशनवर सही करा' असा मोठा बॅनर हायवेकडेला त्यात बसत नाही. त्या टप्प्यात घरापुढच्या पाट्या आणि हातातले फलक यांवर भागवा.

छापायला टाकण्याआधी खाली 'ॲड पेड फॉर बाय' (जाहिरातीचा खर्च कुणी केला) आणि कमिटीचं नाव. यार्ड साइनवर त्या मजकुराची उंची पाटीच्या उंचीच्या निदान ५ टक्के, १८ इंच उंच पाटीला जवळजवळ एक इंच. प्रिंटरला हे माहीत असेल असं धरू नका, प्रूफवर पट्टी लावून मोजा. मराठीत पाटी छापायला काहीच हरकत नाही.

मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारापासून १०० फुटांत पाटी, बॅज, पत्रकं काही नको, दुसऱ्या एखाद्या पिटिशनच्या सह्याही नकोत. स्टिकर लावलेली कारसुद्धा लांब पार्क केलेली बरी.

साध्या बहुमताने पास झालं तर कौन्सिलने निकाल जाहीर केल्यावर १० दिवसांनी कायदा लागू होतो, आणि मजकुरातच तशी सोय ठेवली नसेल तर पुढे कौन्सिलला तो परस्पर बदलता येत नाही, परत मतदारांकडेच जावं लागतं. पास होवो न होवो, पाट्या लावताना कुणाकडे किती दिल्या ती यादी जपून ठेवलेली असेल तर दहा दिवसांत दोन गाड्यांत सगळ्या परत येतात, तारेच्या स्टँड वेगळ्या काढून ठेवा, पुढच्या वेळी कामी येतात. आणि बँकेतले पैसे संपवून फॉर्म ४१० वर कमिटी बंद केल्याची खूण करून शेवटचा ४६० भरा, नाहीतर वर्षभर शून्य व्यवहाराचे रिपोर्ट भरत बसाल.